दूधआईचा दुखवटा

आउएनश्टाइन संस्थान एवढंसं, पण राजघराण्याचे सोयरे साऱ्या युरोपभर पसरलेले. आत्या पोर्तुगालला दिलेली, मामा डेन्मार्कात, चुलत भावंडं तर पार रशियात. त्यामुळं लांब कुठंही कुणी डोळे मिटले की राजवाड्यामागं रंगारीण वालबुर्गाची काळ्या रंगाची कढई चुलीवर चढायची. नातं जितकं जवळचं तितके जास्त दिवस काळे कपडे. नात्याबाहेरच्यासाठी काळं घालायचं नाही, हा दरबारचा नेम.

पाववाली आफ्रा येता-जाता छेडायची, "काय गं, आज कुठला राजा शिजवतीस?"

"पोर्तुगालची आत्या. वर्षभर खोकत होती बिचारी."

"तुझीच आत्या असल्यागत बोलतीस."

"रडले नसेन, पण सगळ्यांच्या मयताला घाम गाळलाय मी."

वालबुर्गाची आई क्रेसेंत्सिया ही राजकन्या ओटिलीची दूधआई. दोघी पोरी एकाच वर्षाच्या. आईचं दूध राजकन्येला आणि पोटच्या पोरीला शेळीचं. लहानपणी वालबुर्गाला याचा फार राग यायचा. पण ओटिली मोठी झाली तरी रविवारची प्रार्थना उरकून म्हातारीच्या खोलीत यायची, बटाट्याचे गोळे हाणायची आणि राणीला कधी सांगितलं नसेल ते म्हातारीच्या कानात सांगायची. ते बघता बघता राग विरत गेला.

ईस्टरआधीच्या उपासांत म्हातारी गेली. वालबुर्गाला एकच वाटत होतं, आईनं जिला पाजलं तिनं आईसाठी काळं घालावं. पण मागायचं कसं? त्यात कारभारी फॉन रोडर स्वतः दारात येऊन उभा राहिला.

"वाईट झालं. पण ती नात्यातली नव्हे. उद्या राजकन्येला बघायला पाहुणे येतायत. माझ्या हुकमाशिवाय वाड्यातला एक कपडा जरी कढईत पडला, तर चाकरी गेली समज."

तो गेला आणि दुपारी ओटिली आली. हातात पाहुण्यांसाठी शिवलेला निळा रेशमी झगा.

"वाली, हा बुडव."

"बाईसाहेब, आत्याच्या वेळचा काळा आहे की तुमच्याकडं."

"कारभाऱ्यानं कुलपात घातलाय. ओळखून आहे तो मला."

वालबुर्गा कढईकडं बघत म्हणाली, "माझी चाकरी जाईल."

ओटिली झग्याची घडी घालायला लागली. "मग राहू दे. तुझ्या पोटावर पाय देऊन नको. आईला ते आवडलं नसतं."

नुसतं 'आई' म्हणाली ती. वालबुर्गानं तिच्या हातातली घडी ओढून घेतली आणि कढईत सोडली.

दुसऱ्या दिवशी म्हातारीला माती देऊन ओटिली तशीच काळ्या झग्यात पाहुण्यांसमोर गेली. नवऱ्या मुलाची आई चपापली.

"कोण गेलं तुमच्यात?"

"माझी दूधआई."

कारभारी खाकरला. पण बाई म्हणाली, "मलाही होती एक. तिच्या वेळी माझ्यात एवढी हिंमत नव्हती." आणि त्याच्याकडं वळून विचारलं, "तुमच्या दरबारात दूधआईचा दुखवटा किती दिवस पाळतात?"

नाही म्हणण्याची सोय उरली नव्हती. "तीन," तो पुटपुटला.

दुखवटा जाहीर झाला. दिवस मावळायच्या आत एक नोकर कारभाऱ्याचा कंबरपट्टा रंगवायला घेऊन खाली आला. चूल थंड होती. वालबुर्गा पायरीवर बसलेली, शेजारी आफ्रा.

"उद्या ये बाबा," वालबुर्गा म्हणाली. "आज नाही. आमच्या घरात मयत झालंय."