पंडिताचं नको, अम्माचंच

आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी माझा लेख परत पाठवलाय. मुलींच्या शिक्षणावरच्या लेखात म्हणे एखाद्या थोर पंडिताचं वचन हवं, तिथं आईचं बोलणं कशाला? का बरं? दुसऱ्याचं वाक्य लेखात आणलं तर त्यानं काम करावं, जावयासारखं पाटावर बसून राहू नये! अम्माच्या वाक्यानं काम केलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या संस्थानात महाराजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. वडील गेलेले, अम्मा लोकांचा कापूस पिंजून आम्हा दोघींचं पोट भरायची. मला शिकायचा ध्यास, आणि मुलींच्या वसतिगृहात एकच जागा उरलेली. अम्मा मला घेऊन कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडे गेली.

त्यानं वर संस्कृत श्लोक घातला, खाली लिहिलं, 'माझी कन्या अत्यंत विनयशील आहे.' मग मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं.

"ही कुणाची पोर?" अम्मा कडाडली. "माझी तर भांडकुदळ हाय!"

"बाई, श्लोकाशिवाय अर्ज म्हणजे मिठाशिवाय भाकरी."

"श्लोक ऱ्हाऊ द्या पावणं. मी बोलते तसं लिवा. माझी पोर भांडकुदळ हाय, पण शिकंल. मी जल्मभर अंगठा उठवला, ती उठवणार न्हाय."

कपाळाला आठ्या घालत त्यानं तसंच लिहिलं. अम्मानं खाली अंगठा उठवला.

आम्ही आत गेलो तेव्हा वसतिगृहाची जागा देणाऱ्या साहेबांपुढं कारकून एकेक अर्ज वाचत होता. श्लोक सुरू झाला की साहेब डोळे मिटायचे. आमच्या अर्जाला मात्र त्यांनी मान वर केली.

"हे कोण बोललं?"

"मीच की! अजून बोलू?"

साहेब माझ्याकडे वळले. "शाळेतही भांडणार काय गं?"

मी म्हटलं, "जागा न्हाय दिली तर हितंच भांडते!" साहेब मोठ्यानं हसले आणि जागा मला मिळाली.

आता सांगा, त्या वाक्याच्या जागी कुठल्या पंडिताला बसवू? नाव मोठं म्हणून वचन मोठं होत नसतं. संपादकांना आज उत्तर लिहिलं: अम्माचं वाक्य एक अक्षर न बदलता छापा, तिचं म्हणूनच छापा, नाहीतर लेख मागे घेते.

अम्मा शेजारीच कापूस निवडत होती. "वाच बघू," म्हणाली. मी वाचलं.

"बराबर हाय. आता खाली सही कर. चांगली मोठी कर."

केली.