प्लमर ब्लॉकचा जादा होल

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या सांगलीच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे त्या शुक्रवारी कॉम्प्युटर लॅबमध्ये माझा आवाज चढला तेव्हा कुणी मानसुद्धा वर केली नाही. समोर कुपवाडची एक विद्यार्थिनी उभी होती. तिच्या वडिलांचं तिकडं छोटं वर्कशॉप आहे. वर्गाला नमुन्याच्या फाइलवरून प्लमर ब्लॉक काढायला दिला होता. प्लमर ब्लॉक म्हणजे फिरता दांडा धरून ठेवणारी बिडाची बैठक. बाकी सगळ्यांच्या ड्रॉइंगमध्ये बैठकीच्या अंगाला एक छोटा होल होता, हिच्या ड्रॉइंगमध्ये नव्हता.

"होल कुठाय?"

"मुद्दाम न्हाई मारला, मॅडम. आमी वर्कशॉपात हेच बनवतो. तिथं होल मारला तर सगळं तेल गळंल."

मागं कुणीतरी खुसकन हसलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"वीस वर्षं शिकवतेय मी हे. आता तू मला शिकव! सोमवारी होल मारून आण, नाहीतर टर्मवर्कवर सही नाही."

सही नाही म्हणजे परीक्षा नाही, म्हणजे वर्ष गेलं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

घरी आले, पण चित्त थाऱ्यावर नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. तेल गळंल म्हणे! अगं, नमुन्याची फाइल मी स्वतः केलेली. कॉलेजातले ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आले, तेव्हा आम्हा जुन्या मास्तरांची जी तारांबळ उडाली, विचारू नका. माउस मी उलटाच धरायचे. तरी हट्टानं शिकले, आणि पहिली फाइल केली ती माझ्याच शिकत्या वयातल्या, हातानं काढलेल्या ड्रॉइंग शीटवरून, मापं जशीच्या तशी उचलून. त्या शीटला दहापैकी नऊ मार्क होते. ती चुकेल कशी?

रविवारी सकाळी साताऱ्याची एसटी धरली. जुन्या शीट माहेरी ठेवल्या होत्या. कराडला गाडी दहा मिनिटं थांबली, तेवढ्यात मी दोनदा उतरले आणि दोनदा चढले. शेजारची बाई वैतागली. "आवं ताई, बसा की एका जागी!"

माळ्यावरून शीटचा लांबडा डबा काढला आणि फरशीवर उघडला. आत प्लमर ब्लॉकच्या दोन शीट निघाल्या. एक माझी. दुसरी फलटणच्या एका सीनियरची, कधीच परत न केलेली.

आता कबूल करते. हॉस्टेलवर आम्ही जीटी मारायचो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खिडकीच्या काचेला सीनियरची शीट चिकटवायची, वर आपला कोरा कागद लावायचा, मागून ऊन आलं की लागायचं गिरवायला. डोकं वापरायची गरजच नाही. सगळेच मारायचे.

दोन्ही शीट शेजारी शेजारी पसरल्या. माझ्या शीटवर तो होल होता, कंपासनं काढलेला, मध्यरेषांसकट, अगदी देखणा. सीनियरच्या शीटवर त्याच जागी चहाचा डाग होता. वाटाण्याएवढा, गोल.

मक्षिकास्थाने मक्षिका! आधी मी खदाखदा हसले. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मग कानशिलं तापली. आमच्या सरांनी न बघता नऊ मार्क दिले, मी न बघता तेच फाइलमध्ये ओतलं, आणि त्या फाइलवर किती बॅच निघाल्या देव जाणे. इतक्या जणांत एकीनं डोकं वापरलं, तिची सही मी अडवली.

परतीच्या वाटेवर दुसरंच काही डोक्यात घोळायला लागलं. गुपचूप सही करावी, फाइल बदलावी, कुणाला पत्ता लागतोय? झाकली मूठ सव्वा लाखाची. इस्लामपूर येईपर्यंत तसं ठरलंही होतं. तरी डबा मी मांडीवरच घट्ट धरून बसले होते.

सोमवारी ती लॅबच्या दारातच उभी.

"मॅडम, होल मारलाय. सही करता?"

स्क्रीनवर बघितलं. होल बरोबर त्याच जागी, माप अचूक.

"तेल गळेल म्हणत होतीस ना?"

"पप्पा म्हणाले, मॅडम म्हणत्यात तर मार. हे काय मशीनला लावायचं न्हाई, सहीला लावायचंय."

मी बरोबर आणलेला शीटचा डबा उघडला. "सगळे इकडं या," म्हटलं, आणि दोन्ही शीट टेबलावर पसरल्या. डाग दाखवला, माझा होल दाखवला, जीटीही सांगितली. माझा आवाज मलाच ओळखू येईना. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी तिच्याकडं वळले. "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

तिनं एकदा डागाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग माउसवर हात ठेवून हळूच म्हणाली, "मग मॅडम, होल ठेवू का काढू?"

दोन्ही शीट समोर होत्या, आणि तरी ती मलाच विचारत होती.