एकाच दिवशीची दोन पत्रं

तुपात बेसन भाजल्याचा वास आला की मी अजून उठून खिडकी उघडते. नेदरलँड्समध्ये, युट्रेख्ट विद्यापीठाच्या आमच्या इतिहास विभागात एक सिनियर होत्या, पुण्याच्याच. मी त्यांना ताई म्हणायचे. एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी हरखून सांगत होते, की अमेरिका नुकतीच स्वतंत्र झालेली असताना तिचा इथला राजदूत एकाच दिवशी सरकारला डच यजमानांची स्तुती लिहितो आणि बायकोला लिहिताना त्यांनाच शिव्या घालतो. ही दोन पत्रं शेजारी ठेवून कुणी वाचलीच नाहीयेत. ताई लाडवांचं बेसन हलवत म्हणाल्या, "इतक्यात कुणाला बोलू नकोस हं, ढापतील." मी कुणालाच सांगितलं नाही. पुढे मास्ट्रिख्टच्या परिषदेत त्यांनी तीच दोन पत्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली, "माय डिस्कव्हरी" म्हणाल्या, आणि समोरच बसलेल्या माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर मात्र खांद्यावर हात टाकून मराठीत म्हणाल्या, "अगं, तुझं-माझं काय त्यात, घरचंच ना!" अजूनही दर दिवाळीला त्यांचा मराठीत लांबलचक, मायेचा मेसेज येतो. मी उत्तर इंग्रजीत देते, 'डियर डॉक्टर'पासून सुरू करून, आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिते.