घट्ट पाणी

माझी वहिनी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही, गळ्याकडे बघून बोलते. दादाला पहिल्यांदा भेटायला आली, तेव्हाही तो चहा पीत असताना तिने त्याचा गळाच न्याहाळला आणि मग मला म्हणाली, "गिळतो छान." एवढ्यावर लग्नाला तयार होणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. सरकारी रुग्णालयात ती गिळण्याची थेरपिस्ट आहे. पक्षाघाताच्या रुग्णाच्या गळ्यावर बोटं ठेवून घोट नीट पोटात उतरतोय की फुप्फुसाकडे जातोय, हे तपासणं तिचं काम. घरात आम्ही तिला गळेपडू म्हणतो आणि ती ओ देते.

मग बाबांनाच पक्षाघात झाला. अंग सावरलं, बोलणं परत आलं, पण पाण्याने ठसका लागायचा. त्यांच्या पाण्यात पावडर कालवून ते खळीसारखं घट्ट करायचं, हा नियम वहिनीनेच घरी आणला. बाबा पेला दिसला की तोंड फिरवायचे. "हे पाणी नाही, डिंक आहे," म्हणायचे. मी चमचाभर चाखून पाहिलं आणि तिथल्या तिथे बाबांच्या बाजूला गेले.

गंमत म्हणजे वहिनीचाही त्या पावडरीवर पुरता विश्वास नव्हता. नकोसं होऊन रुग्ण पाणीच कमी पितात, हे ती रोज पाहत होती. तोंड स्वच्छ करून, ताठ बसवून साधं पाणी दिलं तर बऱ्याच जणांना चालेल, असं तिला वाटायचं.

"मग बाबांना दे की," मी म्हटलं.

"नुसतं वाटतं म्हणून नाही देणार. आधी तपासू दे."

त्यासाठी तिने सरकारच्या संशोधन निधीकडे अर्ज केला. समितीला विषय पसंत पडला. फक्त मुख्य संशोधक डॉक्टर हवा, असं त्यांनी कळवलं. तिच्या वॉर्डचे मोठे डॉक्टर भले गृहस्थ, लगेच तयार झाले. वहिनीने नाही म्हटलं. झालं, वर्ष वाया गेलं.

माझं डोकंच फिरलं. "नाव कुणाचं का लागेना! तुझ्या हट्टापायी बाबांनी आणखी वर्षभर डिंक प्यायचा?"

"गळ्यावर बोटं रोज मी ठेवते, वन्सं. आज त्यांच्या नावावर दिलं, की पुढच्या प्रश्नाला पुन्हा त्यांच्याच दारात उभी. मीही आणि माझ्यामागच्या नर्सही. चुकलं तर माझ्या नावावर चुकू दे."

"बोलायला काय जातंय? पेला तुझ्या तोंडाशी नाही."

तेव्हा खाटेवरून बाबा शब्द ओढत म्हणाले, "तिचंच नाव लागू दे. मी थांबतो."

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. ज्यांच्या वतीने भांडायचं, तेच उलटले तर काय करायचं माणसाने?

पुढच्या खेपेला वहिनीने वॉर्डातल्या नर्सना सोबत घेतलं आणि त्याच डॉक्टरांना मदतनीस म्हणून दाखवलं. समितीने विचारलं, "निष्कर्ष उलटा निघाला तर?" ती म्हणाली, "तर उलटा छापीन आणि घरी सासऱ्यांना घट्टच पाणी पाजीन." निधी मिळाला, तिच्या नावावर.

घरचं माणूस अभ्यासात घेता येत नाही, म्हणून बाबा निकालाची वाट बघत बसले. निकाल लागला: साधं पाणी बऱ्याच जणांना चालतं, पण न खोकता ज्यांच्या फुप्फुसात पाणी जातं, त्यांना नाही. बाबा कुठल्या गटातले, हे ठरवायला वहिनीने दुसरी थेरपिस्ट बोलावली. "माझी बोटं त्यांना झुकतं माप देतील," म्हणाली. ती बाई गंभीर चेहऱ्याने तपासत राहिली, आम्ही दाराशी उभे. शेवटी म्हणाली, "द्या."

वहिनीने बाबांचे दात घासले, त्यांना ताठ बसवलं, साधं पाणी पुढे केलं. बाबांनी पेला हातात घेतला, पण ओठांना लावला नाही. छापून आलेल्या अहवालाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "आधी नाव वाच."

मी वाचलं. मुख्य संशोधक म्हणून पहिलंच नाव वहिनीचं होतं. मग कुणी न सांगताच मी ते पुन्हा एकदा, मोठ्याने वाचलं.

बाबा सावकाश, घोट घोट करत सगळा पेला प्यायले.

"आणखी," म्हणाले.