गौरीच्या गिटारच्या तारा

सरकारी कारखान्यात माल तपासण्यात त्रिविक्रमरावांची एकतीस वर्षं गेली. वाकडं काही दिसलं की ते सरळ केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या घरी एकच वस्तू तशीच पडून होती, कपाटावरची छोटी पार्लर गिटार. धाकट्या बहिणीची, गौरीची. स्वस्तातलीच, पण तिच्या मांडीवर बरोब्बर बसायची. संध्याकाळी मागच्या पायरीवर ती एकच धून वाजवी. लग्न होऊन ती नागपूरला गेली, त्याला तीस वर्षं झाली. ती धून पुन्हा एकदा तिच्या हातून ऐकावी, एवढंच त्रिविक्रमरावांच्या मनात होतं.

शहाण्णव साली गौरीचं पत्र आलं. एका लग्नासाठी ती बेंगळुरूला येणार होती. त्रिविक्रमराव गिटार घेऊन वीणा दुरुस्त करणाऱ्या पिराजीकडे गेले. पिराजीने तडकलेली फळी सांधली, उचकटलेली घोडी बसवली, गंजलेल्या खुंट्या बदलल्या. मग म्हणाला, "राव, तारा उलट्या लावल्यात की हो कुणी! जाड तार खाली. अशाच ठेवू?"

"छे छे, सरळ करा. तारांच्या खाचाही नव्या पाडा."

लग्न आटोपून गौरी घरी आली. "अय्यो अण्णा, ही अजून आहे?" म्हणत ती गिटार घेऊन थेट पायरीवर जाऊन बसली. डाव्या हाताने तारा छेडल्या. बेसूर. पुन्हा छेडल्या. बोटं जुन्याच जागी पडत होती, सूर भलतेच निघत होते.

तेव्हा कुठे त्रिविक्रमरावांना आठवलं. जेवताना तिचा डावा हात ताटात गेला की फूटपट्टी मारायचं काम आईने त्यांच्याकडे दिलं होतं. गिटार कुठल्या हाताने वाजवतात हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तारा उलट्या लावून ती डाव्या हाताने बिनधास्त वाजवी.

"फूटपट्टी सुटली नाही वाटतं अजून!" गौरी हसली.

"उद्या पिराजीकडून परत..."

"उद्या कुठलं, अण्णा? आजच सातला यशवंतपूरहून गाडी आहे माझी."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पिराजीकडे गेले. "होत्या तशा लावा."

"सरी, लावतो. पण वाजवणार कोण, राव?"

आता रविवारी त्रिविक्रमराव पायरीवर बसतात आणि डाव्या हाताने तारा छेडतात. हात ऐकत नाही. धुनेचे पहिले तीन सूर कसेबसे जमलेत. चौथा कुठला, हे गौरीला पत्रात कसं विचारावं ते त्यांना सुचत नाही.