दोन नंबरांची दहाची नोट

"खोटी न्हाय म्हनता, आन् घेत बी न्हाय म्हनता. मग ही हाय तरी काय?" काउंटरच्या जाळीपलीकडून बिरानं विचारलं.

बिरा घोंगड्या विणणारा धनगर. त्याची दहाची नोट माझ्या हातात होती. मी तेव्हा सोलापुरात एका बँकेत कॅशियर होतो. नोट खरी होती. पण डाव्या अर्ध्यावर एक नंबर होता आणि उजव्या अर्ध्यावर दुसराच.

हे कसं होतं ते सांगतो. टपालात चोरी होऊ नये म्हणून व्यापारी नोट मधोमध कापून पाठवत. एक अर्धा आधी, त्याची पोच आली की दुसरा. घेणारा दोन्हींचे नंबर पाहून मागून कागदाची पट्टी चिकटवी. अशी जोडलेली नोट आम्ही घेत असू. पद्धत मागे पडत चालली होती, तरी काही जुनी माणसं ती सोडत नव्हती. इथे जोडणाऱ्यानं नंबर पाहिलेच नव्हते.

"ज्यानं दिली त्याला परत कर," मी म्हणालो.

"त्यो घोंगड्यांचा येपारी म्हनतो, माजी न्हवंच."

मला जुन्या नोटांचा नाद आहे. काउंटरवर एखादी वेगळी नोट आली की खिशातले तेवढेच रुपये भरून, वरिष्ठांना दाखवून मी ती घेतो. मागची बाजू कोरी असलेल्या नोटा माझ्याकडे आहेत, अडीच रुपयांचीही आहे. नाद महाग. पेटीतली दहाची नोट म्हणजे दहा रुपये बिनव्याजी झोपलेले. म्हणून मी एक मर्यादा घातली होती, आणि ती आता भरत आली होती. पण अशी नोट पुन्हा दिसली नसती. मी चांदीचे दहा रुपये पुढे केले.

बिरानं हात मागे घेतला. "बँकेला नको, आन् तुमाला पायजे? हिची किंमत जास्त आसंल की."

"नाही रे. मी जमवतो."

"जमवून करता काय?"

"बघतो."

त्यानं रुपये एकेक वाजवून घेतले आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहून गेला.

आमच्या शाखेचे प्रमुख, ज्यांना एजंट म्हणत, तेही हसले. "कुलकर्णी, बँकेला नको ती नोट तुम्हाला हवी. मग बँकेत कशाला नोकरी करता?"

पुढच्या बाजारी एक बाई जाळीशी आली. "बिरानं सांगितलं, हितला सायेब तसल्या नोटा इकत घेतो. माजी बी घ्या."

ती गंगव्वा, बिराच्याच गावची. तिनंही त्याच व्यापाऱ्याला घोंगड्या दिल्या होत्या. मी नंबर पाहिले. आकडे माझ्या लक्षात राहतात. माझ्या नोटेचे उरलेले दोन्ही अर्धे तिच्या नोटेत होते.

एजंटसाहेबांनी नोट उलटसुलट केली. "नंबर जुळत नाहीत. परत करा."

"बिराची घेतली, माजी का न्हाय?" गंगव्वा मला म्हणाली. "उद्या मोडनिंबच्या बाजारात मेंढी घ्यायचीया. तितं कोन घील ही?"

तिची नोट मी घेतली असती तर चुकीची जोडी पुरी झाली असती. पण खिशात दहा रुपये नव्हते, आणि मर्यादा संपली होती. नाही म्हटलं असतं तर माझी नोट पेटीत राहिली असती आणि तिचे दहा रुपये बुडाले असते. तिचे उरलेले अर्धे माझ्याकडे आहेत हे बँकेत कुणाला कळलंही नसतं.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला शुक्रवार पेठेत घरी नेलं. ताटात पाणी घेतलं आणि दोन्ही नोटा पालथ्या ठेवल्या. पट्टीची खळ सुटू लागली.

"सायेब, फाडताय व्हय?" ती उंबऱ्यातून उठलीच.

"फाटलेलीच आहे, गंगव्वा."

"आत्तापत्तुर येक तर हुती. आता दोन तुकडं झालं की."

आमच्या मंडळींनी तिला चहा दिला आणि मला म्हणाल्या, "अहो, निदान पेटीतली नोट एकदा भिजली. आता उगवते का बघू."

चारही तुकडे तव्याच्या उबेवर वाळवले, नंबर मोठ्यानं वाचून जोडले आणि नव्या पट्ट्या लावल्या. गंगव्वाला वाचता येत नव्हतं. तिनं नंबरावर बोट ठेवून एकेक आकडा दोन्हीकडे सारखा दिसतो का ते पाहिलं, मगच मान हलवली.

बँकेत एजंटसाहेबांनी भिंग लावून दोन्ही नोटा तपासल्या. "बरोबर आहेत. गेली कुठं तुमची दुर्मीळ नोट?"

"या दोन्हींत आहे," मी म्हणालो.

गंगव्वाला चांदीचे दहा रुपये मिळाले. तिनंही ते वाजवून घेतले. माझी नोट आता चारचौघींसारखी झाली होती, पेटीत ठेवण्याचं कारण उरलं नव्हतं. ती मोडून घरात ज्वारी आणली.

नाद सुटलेला नाही. पण काउंटरवर नंबर न जुळणारी नोट आली की मी हल्ली खिशात हात घालण्याआधी विचारतो, हिच्याबरोबर आणखी कुणाला नोट मिळाली होती.