दादाचे गेम कोणाचे?

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज डोकं सणकलंय.

माझा मोठा भाऊ दिवाळीनंतर गेला. सिन्नरला कंपनीत होता. बोनस मिळाला की एक गेम घ्यायचा, तोही ऑनलाइन. मी म्हणायचो, "दादा, डिस्क घे." तो म्हणायचा, "अरे, डिस्क खराब होते. हे कायमचं."

आज टीव्हीला जोडलेला दादाचा गेमचा कन्सोल अपडेट झाला आणि पुन्हा लॉगिन मागायला लागला. ओटीपी जाणार दादाच्या नंबरवर. तो नंबर आम्ही बंद केलाय. जाहिरातीचा फोन वाजला तरी आई दचकायची.

कस्टमर केअरला फोन लावला. "सर, अकाउंट ज्यांचं आहे त्यांना फोन द्याल का?"

"अहो, तो वारला."

"सॉरी सर. पण अकाउंट दुसऱ्याच्या नावावर होत नाही."

दादाची बाइक माझ्या नावावर झाली. पंचवटीत दहावा झाल्यावर कपडे वाटून टाकले. घड्याळ पप्पा वापरतात. स्वतःच्या कमाईने घेतलेले गेम मात्र कोणाचेच नाहीत. मग विकत घेतलं म्हणजे आपण नक्की काय घेतलं? सांगा कोणीतरी.

टीव्हीवर अजून दादाचं नाव दिसतंय. खाली विचारलंय, पासवर्ड विसरलात का?